पहिली रायफल घ्यायची तर: बोअर, परवाना आणि बालेवाडी

१ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले, अंतिम फेरीत ४५१.४ गुण मिळवून. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता, आणि सरावाला बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात. म्हणजे वाकडहून मुळा ओलांडली की पलीकडे. चाकण, भोसरी, तळवड्याच्या शॉपफ्लोअरवर हौशी तरुणांची कमी नाही आणि हाताशी पगारही असतो. त्यांतल्या कुणी रायफल घ्यायचे मनावर घेतले की पहिला प्रश्न बहुधा इंटरनेटवरच्या अमेरिकी व्हिडिओंतून आलेला असतो: सेमी-ऑटोमॅटिक घ्यावी का, आणि कोणत्या बोअरची, म्हणजे नळीच्या आतल्या किती व्यासाची?

सेमी-ऑटोमॅटिकचा विषय आधी मिटवू

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे घोडा एकदा ओढला की एक गोळी सुटते आणि पुढचे काडतूस रायफल स्वतःच नळीत भरते. घोडा दाबून ठेवला की गोळ्या सुटत राहतात ती फुल-ऑटोमॅटिक.

भारतात सर्वसामान्य नागरिकाला सेमी-ऑटोमॅटिक रायफल मिळत नाही. शस्त्र कायदा १९५९चा आणि त्याखालचे सध्याचे नियम २०१६चे. त्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत या रायफली पहिल्याच, सर्वांत कडक वर्गात बसवल्या आहेत. तिथला शब्द केंद्रीय गृह मंत्रालयाचा. पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी त्यांचा परवाना देत नाहीत. ‘ओळखीतून होईल’ म्हणणारा कुणी भेटला तर लांब राहा. २०१९च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित शस्त्र बाळगण्याची किमान शिक्षा ७ वर्षे आहे, कमाल १४.

आणि गंमत अशी की खेळाला ती लागतच नाही. ऑलिंपिक रायफल एकेरी भरणीची असते. प्रत्येक गोळी हाताने ठेवायची, बोल्ट लावायचा, श्वास सोडायचा. स्वप्निलने पात्रता फेरीत गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने मिळून ६० गोळ्या मारल्या, त्या सगळ्या एकेक करून. स्वतःच भरणारे शस्त्र २५ मीटर पिस्तुलाच्या प्रकारांत दिसते, पण तो खेळच वेगळा.

देशाने निवडली तेव्हा

बोअरचा वाद खऱ्या अर्थाने लढला गेला तो सैन्यात, आणि त्याची बरीचशी कहाणी आपल्या परिसरातली आहे. १९६२च्या युद्धात आपल्या जवानांच्या हातात प्रामुख्याने बोल्ट ओढायची थ्री-नॉट-थ्री होती. त्यानंतर आली एसएलआर, सैन्याची पहिली प्रमाण सेमी-ऑटोमॅटिक रायफल. बेल्जियन ‘फाल’च्या धर्तीवर पश्चिम बंगालमधल्या ईशापूरला बनलेली. गोळी ७.६२ × ५१ मिमी: वजनदार, लांब पल्ल्याची, खांद्याला धक्का देणारी.

पुढे पाषाणच्या एआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेने इन्सास रायफल आखली आणि बोअर उतरून ५.५६ × ४५ वर आले. कारण साधे आहे. ७.६२चे एक काडतूस साधारण २४ ग्रॅमचे, ५.५६चे १२ ग्रॅमचे. तेवढ्याच वजनात जवान दुप्पट गोळ्या नेतो, आणि धक्का कमी असल्याने नेम लवकर सावरतो. किंमत मोजावी लागते ती ऊर्जेत. नळीतून बाहेर पडताना ५.५६ची गोळी सतराशे ज्यूलच्या आसपास ऊर्जा घेऊन निघते, ७.६२ × ५१ची तेहतीसशेच्या आसपास.

मग लंबक पुन्हा फिरला. फेब्रुवारी २०१९ मध्ये सैन्याने ७२,४०० सिग ७१६ रायफली मागवल्या, त्या परत ७.६२ × ५१च्या. डिसेंबर २०२१ मध्ये अमेठीजवळच्या कोरव्यात ६ लाखांहून अधिक एके-२०३ बनवण्याचा करार झाला. तिची गोळी ७.६२ × ३९, आखूड आणि दोन हजार ज्यूलच्या घरातली. जानेवारी २०२४ मध्ये एआरडीईने हैदराबादच्या खासगी कंपनीच्या साथीने ‘उग्रम’ दाखवली, तीही ७.६२ × ५१. साठ वर्षांत सैन्यालाही एका बोअरवर ठाम राहता आलेले नाही. तेव्हा ‘सर्वांत चांगले कॅलिबर’ विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, कशासाठी आणि किती अंतरावर?

सैन्याची गोळी नागरिकाला नाही

थ्री-नॉट-थ्री आणि ७.६२ ही सेवेतली काडतुसे ज्या रायफलीत बसतील ती रायफल, बोल्ट ओढायची असली तरी, त्याच कडक वर्गात जाते. फुटलेला किंवा चोरलेला सरकारी साठा खासगी बंदुकीत चालू नये, हा इंग्रजांच्या काळापासूनचा हिशेब. म्हणून सरकारी कारखान्याने नागरिकांसाठी थ्री-फिफ्टीन ही बोअर चालवली: ठेवण जुन्या ली-एन्फील्डची, काडतूस निराळे. ती चांगली म्हणून जन्मली नाही, सैन्याची गोळी तीत बसत नाही म्हणून जन्मली. आपल्याकडे बोअर ठरवताना वेग आणि वजन यांच्या आधी कायदा बोलतो.

शिवाय थ्री-फिफ्टीन घेऊन करायचे काय? १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार संपली. खेड-जुन्नरच्या उसात बिबटे आहेत हे खरे, पण बिबट्या त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे. त्याच्यासाठी वनखात्याला फोन करायचा असतो, रायफल काढायची नसते.

.१७७ की .२२

नवशिक्यासमोर खरी निवड एवढीच उरते.

.१७७ म्हणजे ४.५ मिमी. १० मीटर एअर रायफलची बोअर हीच. हवेच्या दाबाने सुटणारा शिशाचा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतो आणि मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, रायफलीतून सात-आठ ज्यूल ऊर्जेने निघतो. बोअर .१७७पेक्षा मोठी नसेल आणि ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल, तर परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र मागतो, ते द्यावे. परवाना नाही म्हणजे खेळणे नव्हे. मोशी-चिखलीच्या फ्लॅटच्या बाल्कनीतून कबुतरांवर नेम धरणाऱ्याला पोलीस आणि प्राणिप्रेमी दोघेही सोडणार नाहीत, आणि सोडूही नये.

.२२ म्हणजे ५.६ मिमी, काडतुसाची, ५० मीटरची. तिची गोळी अडीच ग्रॅमहून थोडी जड आणि ऊर्जा १४० ज्यूलच्या आसपास, म्हणजे मॅच एअर रायफलच्या वीसपटीजवळ. हे अग्निशस्त्र आहे, परवान्याशिवाय घरी ठेवता येत नाही. दुकानात .२२ची एअरगनही दिसते. ती हवेचीच, पण बोअर .१७७च्या पुढे गेल्याने तिलाही परवाना लागतो. इथे पुष्कळजण फसतात.

माझे मत स्पष्ट आहे: पहिली रायफल .१७७च. १० मीटरच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ फक्त अर्ध्या मिलिमीटरचे असते, ४.५ मिमीच्या छर्‍याखाली ते दिसेनासे होते. ५० मीटरवर तेच वर्तुळ १०.४ मिमीचे. दिवसभर मायक्रोमीटर हाताळणाऱ्याला अर्धा मिलिमीटर ढोबळ वाटेल, पण उभ्या माणसाच्या खांद्यावर पाच किलोची रायफल असताना तो तसा वाटत नाही. .१७७मधली चूक स्वस्त पडते, आवाज आणि धक्का जवळपास नसल्याने चूक नेमकी कुठे झाली तेही कळते. तेजस्विनी सावंत २०१०मध्ये ५० मीटर प्रोनमध्ये (झोपून) जगज्जेती झाली ती .२२वर, अंजली भागवत सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचली ती एअर रायफलवर. लहान बोअर म्हणजे कमी प्रतीचा खेळ, हा समज त्यामुळे सोडून द्यावा.

अर्ज कोणाकडे

.२२वर जायचेच ठरले, तर आधी क्लबचे सदस्य व्हा. रेंजवर क्लबच्या परवान्यावरची रायफल देखरेखीखाली वापरता येते, त्यामुळे स्वतःच्या परवान्याची घाई नसते.

स्वतःचा परवाना हवा असेल तर वय २१ पूर्ण हवे, शस्त्रसुरक्षेचे प्रशिक्षण हवे आणि अर्ज ऑनलाइन. पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झाले. चाकण, आळंदी, देहूरोड, तळेगाव त्याच्या हद्दीत. तिथे राहणाऱ्याचा अर्ज आयुक्तांकडे. खेड तालुक्याचा उरलेला ग्रामीण भाग मात्र पुणे ग्रामीण पोलिसांचा, तिथे परवाना जिल्हाधिकारी देतात. कंपनी चाकणला आणि घर राजगुरुनगरला असेल तर घराचा पत्ता धरला जातो. परवान्याची मुदत आता ५ वर्षे, आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रे. पूर्वी तीन चालत. नामांकित खेळाडूंना वेगळ्या सवलती आहेत, पण त्या स्पर्धेतल्या कामगिरीवर मिळतात. निवडणुका आल्या की परवानाधारकांना शस्त्र जमा करण्याचे आदेश निघतात, हेही लक्षात असू द्या.

घेताना काय पाहावे

बालेवाडीत कुणाची तरी वॉल्थर किंवा फाइनवर्कबाउ खांद्याला लावून बघा, मगच पैसे काढा. नवी जर्मन मॅच रायफल लाखांत जाते आणि वर जाड जॅकेट, ट्राउझर, बूट यांचा खर्च वेगळा. बट प्लेट मागेपुढे होते का, गालाखालची पट्टी वर उचलता येते का, डावखुऱ्यासाठी मूठ मिळते का, हे नावापेक्षा महत्त्वाचे. मान वाकवून नेम धरावा लागत असेल तर ती रायफल तुमची नाही, कितीही स्वस्त मिळो.

छर्‍यांच्या डब्यावर ४.४९ किंवा ४.५० असा आकडा असतो, तो छर्‍याच्या डोक्याचा व्यास. प्रत्येक नळीला एखादाच मानवतो. रायफल पकडीत घट्ट बसवून दोन-तीन मापांचे गट मारून बघावेत आणि ज्याचे भोक सर्वांत लहान पडेल त्याच लॉटचे डबे एकदम घ्यावेत.

जुनी रायफल घेणार असाल तर नळीआधी हवेचे सिलिंडर बघा. त्यात २०० बारपर्यंत दाब भरला जातो आणि त्यावर तारीख कोरलेली असते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सिलिंडरची वैधता जास्तीत जास्त दहा वर्षांची. मुदत टळलेली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करून मागा.