चकापुढचा एक फूट

दसरा जवळ आला की बीड जिल्ह्यातल्या वर्कशॉपांना उसंत नसते. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघण्याआधी ट्रॉल्यांचे एक्सल, बैलगाड्यांचे आख, बेअरिंगच्या बैठका, सगळं लेथवर चढतं. जिनिंगचे रोलर त्याच सुमारास येतात. बोअरमधून ओढून काढलेल्या पंपांचे झिजलेले शाफ्ट तर बारमाही. हे काम करणारा लेथ इथे बहुतेकदा जुनाच असतो. शहरातल्या एखाद्या कारखान्यात सीएनसी आलं की त्याची जागा गेलेली असते, आणि मग ट्रकवर चढून तो गेवराई, माजलगाव, परळीकडे येतो.

संपादकांनी मला जुन्या लेथच्या या बाजारावर लिहायला सांगितलं होतं. मी मात्र एका टर्नरच्या मागे लागलो. आयटीआयचा दोन वर्षांचा टर्नर कोर्स केलेला, पुढे सगळी उमर लेथसमोर उभं राहून काढलेला हा माणूस. ओळखीत कुणाला जुना लेथ घ्यायचा असला की आधी त्याला सोबत नेतात.

यंत्रावरची पाटी तो वाचतो, कारण मेकवर सुटे भाग अवलंबून असतात. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली, 1941 मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर उभी राहिली, 1953 मध्ये बंगळूरला एचएमटी. या घराण्यांचे लेथ अजूनही नाव सांगून विकले जातात. त्यांच्याखेरीज राजकोट आणि बटाल्याच्या लहान-मोठ्या कारखान्यांतली यंत्रं देशभर पसरलेली आहेत. पाटी वाचून झाली की तो तिच्याकडे पुन्हा बघत नाही. ताज्या हिरव्या रंगाकडे तर मुळीच नाही.

डिझेलचा बोळा घेऊन तो बेड पुसतो आणि थेट जॉब धरणाऱ्या चकापुढच्या पहिल्या फुटाशी वाकतो. हेडस्टॉकच्या अगदी पायाशी बेडची एक चिंचोळी पट्टी असते, तिथवर टूल वाहून नेणारं सॅडल कधी पोहोचतच नाही. कारखान्यातून निघाली तशी ती कोरी राहते. त्या पट्टीवरून तो अंगठ्याचं नख उजवीकडे सरकवत नेतो. नख कुठे अडखळलं, किती खाली उतरलं, यावरून यंत्राने किती काम ओढलंय ते त्याला कळतं. त्या नखाकडे बघताना मला वैद्याने धरलेली नाडी आठवली.

झीज नेमकी तिथेच का? बहुतेक जॉब आखूड असतात, चकात धरूनच होतात. सॅडल वर्षानुवर्षं त्याच फुटात पुढे-मागे फिरतं, लोखंडाचा कीस तिथेच पडतो, बिडाची धूळ तेलात कालवून घासत राहते. टेलस्टॉककडच्या टोकाला मात्र कधीकधी मूळ स्क्रेपिंगची नक्षी तशीच दिसते. सॅडलची जिब, म्हणजे ढिलेपणा काढणारी पट्टी, तो चकाजवळ जरा आवळतो आणि सॅडल टेलस्टॉककडे ढकलतो. तिकडे ते जड होत अडकलं, तर बेड सारखा झिजलेला नाही.

हा खड्डा एवढा महत्त्वाचा का, हे त्याने खडूने फरशीवर आखून दाखवलं. टूल सरळ खाली एक दशांश मिलिमीटर उतरलं तर व्यासात जवळजवळ काहीच फरक पडत नाही. पण झिजतो तो मुख्यतः बेडचा पुढचा व्ही, सॅडल ज्यावरून सरकतं ती कड. त्यामुळे सॅडल कलतं आणि टूलचं टोक जॉबपासून दूर जातं. तेवढ्याच एक दशांश झिजेने व्यास दशांशाहून जास्त वाढू शकतो. अशा शाफ्टवर बेअरिंग बसायचं म्हणजे वांधाच. 1927 मध्ये बर्लिनच्या जॉर्ज श्लेसिंगर या प्राध्यापकाने यंत्र तपासण्याच्या पद्धती पुस्तकात बांधून दिल्या आणि त्या जगभर गेल्या. नव्या लेथच्या स्पिंडलला तोंडाशी शतांश मिलिमीटरचा आउट चालतो, हा हिशेब त्याच परंपरेतला.

डायल लावून, चकाखाली लाकडी दांडा घालून तो स्पिंडल उचलून पाहतो. बेअरिंगचा प्ले तिथे उघडा पडतो. मग यंत्र सुरू करून एकेक स्पीड, एकेक गिअर टाकतो; तुटलेला दात ठरावीक अंतराने टकटक करतो. शेवटी चकात जाड बार धरून, टेलस्टॉकचा आधार न देता, साधारण दीडशे मिलिमीटर हलका कट. मायक्रोमीटर दोन्ही टोकांना आणि मध्येही. टेपर सरळ एकसारखा आला तर हेडस्टॉक हललेला असेल किंवा बेडला पीळ असेल, आणि तो बसवता येतो. मध्येच वळण आलं तर बेड खाल्लेला आहे.

आणि इथून पुढे अडचणीच अडचणी. चेंज गिअरची पेटी बहुधा अर्धी रिकामी असते. जुन्या यंत्राचा लीड स्क्रू इंची असला तर मेट्रिक आटे पाडायला 127 दातांचा गिअर लागतो, कारण पाच इंच म्हणजे बरोबर 127 मिलिमीटर. हरवलेला असतो तो नेमका हाच. बेड ग्राइंड करून घ्यायचा तर तो मोठ्या शहरात न्यावा लागतो, आणि ग्राइंड केला की सॅडल खाली बसतं, लीड स्क्रूशी त्याचा मेळ जातो, मग खालून पट्टी चिकटवून ते पुन्हा उचलायचं. ट्रकवरून उतरवताना साखळी लीड स्क्रूवर आली तर तो तिथेच वाकतो. थ्री-फेज विजेचा प्रश्न वेगळाच.

सगळ्यात मोठी गोष्ट पायाची. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसता कोबा घालून लेथ ठेवला तर चांगल्या बेडलाही पीळ पडतो आणि टेपर येऊ लागतो. विकणाऱ्याच्या शेडमध्ये आलेला टेपरही कधीकधी यंत्राचा नसतो, जमिनीचा असतो. म्हणून लेव्हल ठेवल्याशिवाय हा माणूस भाव बोलूच देत नाही. पाया मुरूम लागेपर्यंत खणायचा, लेव्हल दोन्ही टोकांना आडवी ठेवून बोल्ट आवळायचे, आणि पहिला पावसाळा सरल्यावर हे सगळं पुन्हा एकदा करायचं, ही त्याची अट. ज्याला एवढी तयारी नाही, त्याच्यासोबत तो यंत्र बघायला जात नाही.