सामान्य दिवसाचे सोंग

कणकुंबी मागे टाकून चोर्ला घाट उतरला की गोवा लागतो. तेथील एका केबलचालकाची कथा ‘दृश्यम’ या हिंदी चित्रपटाने २०१५ साली सांगितली. मूळ कथा मल्याळी, जितू जोसेफ यांची, २०१३ सालची. हिंदी रूपाचे दिग्दर्शक मात्र आपल्या ‘डोंबिवली फास्ट’चे निशिकांत कामत. ते २०२० साली निवर्तले. २०२२ साली आलेला दुसरा भाग अभिषेक पाठक यांनी दिग्दर्शित केला.

विजय साळगावकर हा चौथी नापास गृहस्थ. आत्मरक्षणाच्या झटापटीत त्याच्या मुलीच्या हातून एक तरुण मरतो आणि तो निघतो एका पोलीस महानिरीक्षक बाईंचा मुलगा! विजय प्रेत दडवितो. परंतु त्याहून अवघड काम म्हणजे तो दिवसच दडविणे. तो कुटुंबास घेऊन पणजीस जातो. सर्वजण पावभाजी खातात, सिनेमा पाहतात. हे सारे खरोखरीच घडते. खोटी असते ती केवळ तारीख. मनुष्यास चेहरा स्मरतो, प्रसंग स्मरतो, तारीख सहसा स्मरत नाही. हे ओळखून विजय पुढे बोलता बोलता बसवाहकाच्या, उपाहारगृहवाल्याच्या मनात २ ऑक्टोबर हीच तारीख ठसवितो. मग ते बिचारे प्रामाणिकपणे खोटी साक्ष देतात. (गेल्या महिन्यात आपण बेळगावास कोणत्या तारखेस गेलो होतो, हे वाचकांनी आठवून पाहावे.)

रहस्यकथेचा उत्तरार्ध रचणे मोठे जोखमीचे असते. प्रेत नव्या पोलीस ठाण्याच्या जमिनीखाली आहे, हे प्रेक्षकास आधीच ठाऊक. मग उत्कंठा उरली कशात? सात वर्षे सोंग वठविणाऱ्या घराची काय दशा होते, यात. विजय आता चित्रपटगृहाचा मालक झाला आहे. थोरल्या मुलीस मात्र भीतीने झटके येतात. पत्नी मनातला भार असह्य होऊन शेजारणीपाशी मन मोकळे करते. ती शेजारीण आणि तिचा मारकुटा नवरा हे दोघेही वेषांतर केलेले पोलीस असतात! विजयने जी विद्या वापरली तीच पोलिसांनी त्याच्यावर उलटविली. मला हा प्रसंग खुनाहूनही भयंकर वाटला.

शेवट येथे सांगत नाही. एवढेच सांगतो की, एक मनुष्य तुरुंगातून सुटून येतो. त्याने त्या रात्री विजयला अर्धवट बांधलेल्या ठाण्यातून बाहेर पडताना पाहिलेले असते. तारीख विसरणे त्याला शक्यच नव्हते. त्याच रात्री तो स्वतःही एक खून करून पळत होता.