आपलं घर स्पर्धेत उतरतंय!

वास्तुशांत झाली. नातेवाईक पेढे खाऊन, ‘छान झालंय हो घर’ म्हणून गेले. ईएमआयची सवय झाली. आणि एका रविवारी आर्किटेक्टचा फोन येतो, ‘आपलं घर अवॉर्डसाठी पाठवू या का?’ मनात पहिले लाडू फुटतात, मग टेन्शन येतं. पाठवायचं म्हणजे नेमकं काय पाठवायचं?

पुनावळे म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते टॉवर्स, क्रेन आणि हायवेखालच्या अंडरपासमधलं ट्रॅफिक. पण १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलेल्या या गावाला गावठाणही आहे आणि घरच्या जागेवर स्वतःचं घर बांधणारी मंडळीही. दिवसा हिंजवडीत कोडिंग, संध्याकाळी साइटवर विटा मोजणं! अशा घराची एन्ट्री तगडी कशी करायची, त्याचे हे काही फंडे.

आधी कॅटेगरी ओळखा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे चुकीच्या रांगेत उभं राहणं. आर्किटेक्टसाठीच्या स्पर्धेत डिझाइनचा विचार बघतात. बिल्डर-इंजिनीअरांच्या स्पर्धेत कामाची क्वालिटी. पर्यावरणाचं मानांकन तर स्पर्धाच नसते. तिथे ठरलेल्या निकषांवर पॉइंट्स मिळतात. २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘गृहा’ मानांकनाची ‘स्वगृहा’ ही पद्धत खास लहान इमारतींसाठी आहे. नियमावली दोनदा वाचा. एरियाची मर्यादा, घर पूर्ण झाल्याचं वर्ष, अर्ज कोणी करायचा, या तीन ओळींतच कित्येक एन्ट्री गळतात.

‘अरण्य’ने काय शिकवलं?

बाळकृष्ण दोशी हे नाव ऐकलंय? १९२७ मध्ये पुण्यात जन्मलेला हा माणूस २०१८ मध्ये प्रित्झ्कर पुरस्कार मिळवणारा पहिला भारतीय ठरला. त्याआधी १९९५ मध्ये त्यांच्या इंदूरच्या ‘अरण्य’ वसाहतीला आगा खान पुरस्कार मिळाला होता. तिथे काय होतं? संगमरवर? छे! कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना प्लॉट, पाणी, ड्रेनेज आणि घराची सुरुवात करून दिली. पैसे येतील तशी खोली चढवायची. दोशींनी नमुना म्हणून ८० घरं बांधून दाखवली, बाकीचं लोकांनी आपापल्या ऐपतीने वाढवलं.

या पुरस्काराची पद्धतही भारी आहे. निवडक प्रकल्पांच्या जागेवर तज्ज्ञ स्वतः जातात, वापरणाऱ्यांशी बोलतात, आणि मगच निकाल. म्हणजे चकाचक फोटोवर काम भागत नाही, लोक तिथे कसे राहतायत ते बघतात. आपली स्पर्धा लहान असेल, पण एन्ट्री लिहिताना असं समजा की परीक्षक उद्या दुपारी दोन वाजता दारात उभे राहणार आहेत!

एकच गोष्ट सांगा

अर्जात साधारण दोन-तीनशे शब्दांची जागा मिळते. तिथे ‘ड्रीम होम’, ‘मॉडर्न लुक’, ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ असलं काही लिहू नका, ते ब्रोशरमध्ये शोभतं. त्याऐवजी तीन प्रश्नांची उत्तरं द्या. अडचण काय होती? तुम्ही काय ठरवलं? त्याने काय बदललं?

समजा, प्लॉट अरुंद आणि लांबट. आईचे गुडघे दुखतात आणि मुलगा रात्रपाळी करतो. म्हणून आईची खोली तळमजल्यावर अंगणाला लागून, मुलाची खोली रस्त्यापासून लांब, आणि मधे उजेडासाठी चौक. झाली की गोष्ट! परीक्षक दिवसभर एन्ट्री वाचतात. त्यांना किचनचा ग्रॅनाइट नाही, हा चौक लक्षात राहतो.

ड्रॉइंग आणि फोटो

साइट प्लॅन, प्रत्येक मजल्याचा प्लॅन, एलिव्हेशन आणि निदान एक सेक्शन हवाच. उत्तर दिशा आणि स्केल विसरू नका. सेक्शनवर ऊन दाखवा. आपल्याकडे मेच्या मध्यावर सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि गच्ची तापते. डिसेंबरात तोच दक्षिणेला सुमारे ४८ अंशांवर असतो. तुमचा छज्जा या दोन्ही वेळी काय करतो, ते एका रेषेत दिसू दे.

फोटो सकाळी आणि संध्याकाळी काढा. त्यात माणसं असू देत. आजी भाजी निवडतेय, दोरीवर कपडे वाळतायत... चालेल! वाइड अँगलने दहा बाय दहाची खोली हॉल करू नका. प्लॅनवर माप लिहिलेलंच असतं.

आकडे खरे हवेत

खरी परीक्षा इथे. ‘घर थंड राहतं’ असं लिहिण्याआधी मे महिन्यात आठवडाभर दुपारी तीनला आत आणि बाहेर थर्मामीटर लावा. वर्षाची वीजबिलं काढून ठेवा.

पाण्याचं गणित तर आपल्याकडे जिव्हाळ्याचं. महापालिकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणी सुरू केलं, तेव्हापासून टँकरचा नंबर पाठ असणारी घरं कमी नाहीत. हजार चौरस फुटांची गच्ची आणि सातशे मिलिमीटर पाऊस धरला, तर सुमारे ६५ हजार लिटर पाणी पडतं. पाचवा हिस्सा वाया गेला तरी ५० हजार लिटरच्या वर उरतं, म्हणजे दहा हजारी पाच टँकर. पण हे पाणी पावसाळ्याच्या चार महिन्यांतच येतं. टाकी पाच हजाराची असेल आणि बाकीचं बोअरजवळ जिरत असेल, तर ‘जिरवलं’ लिहा, ‘वाचवलं’ नाही. आणि एप्रिलमध्ये टँकर मागवावा लागत असेल, तर तेही लिहा. लाज कसली? उलट बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो.

बदल लपवू नका

नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात आर्टिस्ट व्हिलेज उभारलं. छोट्या चौकांभोवती घरं, आणि प्रत्येकाला पुढे वाढवता येईल अशी रचना. लोकांनी पुढे ती इतकी बदलली की मूळ घरं शोधावी लागतात! घर राहतं असलं की बदलणारच. पाऊस आत आला म्हणून तुम्ही बाल्कनीला पत्रा लावलात? फोटोतून तो क्रॉप करू नका. का लावला ते सांगा.

पाठवण्याआधी चेकलिस्ट

- मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र हाताशी आहे ना?
- फोटोग्राफर आणि आर्किटेक्ट यांची लेखी परवानगी?
- मिस्त्री, सुतार, इंजिनीअर यांची नावं क्रेडिटमध्ये?
- प्लॅन छापून येणार असेल, तर घराचा पूर्ण पत्ता वगळायला सांगितलात? सुरक्षेचा प्रश्न आहे.
- खर्चाच्या आकड्यात कंपाउंड आणि फर्निचर धरलंय की नाही, ते स्पष्ट?
- घरातल्या सगळ्यांनी अर्ज वाचला?

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. अर्ज आईला वाचून दाखवा. ‘ज्येष्ठांसाठी सोयीचं घर’ या ओळीला ती म्हणाली, ‘अरे, बाथरूमची पायरी मला रोज अडखळवते,’ तर त्या दिवशी एन्ट्री बाजूला ठेवा आणि गवंड्याला फोन लावा. ट्रॉफी मिळाली तर शोकेसमध्ये जाईल. पायरी मात्र रोज लागणार आहे!