रूळ कोण बदलतो? रेल्वेच्या सांध्याविषयीचे गैरसमज

पनवेल-नांदेड असो की मुंबई-लातूर, गाडी स्थानकाच्या अलीकडे अंधारात थांबली की डब्यात चर्चा सुरू होते. "क्रॉसिंग पडलं असंल", "मास्तर झोपला काय की", "ड्रायव्हरनं दुसरीच लाइन धरली वाटतं". या सगळ्या तर्कांच्या मुळाशी एकच समजूत असते : रूळ बदलणे हे कोणा एका माणसाच्या हातातले काम आहे आणि तो माणूस आत्ता ते नीट करत नाही. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. एका रुळातून दुसरी वाट जिथे फुटते तो सांधा बदलायला तीन ते पाच सेकंद लागतात. बाकीची सगळी यंत्रणा तो नीट बदलला की नाही याचा पुरावा मागण्यासाठी आहे.

"ड्रायव्हर गाडी वळवतो"

इंजिनात वेग वाढवण्याची सोय असते, ब्रेक असतो, भोंगा असतो. वळवण्याचे चाक नसते. लोको पायलटला म्हणजे ड्रायव्हरला वाट निवडता येत नाही, निवडलेली वाट फक्त दिसते. स्थानकात शिरण्याआधीच्या होम सिग्नलवर पिवळ्या दिव्याबरोबर पाच पांढऱ्या दिव्यांची तिरपी रांग लागली, की त्याने समजायचे : आपल्याला बाजूच्या लूप लाइनवर घेतले आहे, वेग कमी ठेवायचा.

वळवण्याचे काम करतात दोन निमुळत्या पोलादी पट्ट्या. रेल्वेत त्यांना टंग रेल म्हणतात, आपण जिभा म्हणू. अख्खा रूळ सरकतो असे अनेकांना वाटते, पण बाहेरचे दोन्ही रूळ जागेवर घट्ट असतात. हलतात त्या त्यांच्या आतल्या या जिभाच. दोघी आडव्या पट्टीने एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे एक बाहेरच्या रुळाला चिकटली की दुसरी आपल्या रुळापासून दूर जाते. सरकण्याचे अंतर सुमारे साडेअकरा सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. चाकाच्या आतल्या बाजूला उंच कड असते. चिकटलेली जीभ त्या कडेला हलकेच आपल्या दिशेने घेते आणि मागची शेकडो टन वजनाची गाडी निमूट तिकडे जाते.

"बटण दाबले की रूळ बदलतो, चुकून दाबले तर?"

सिनेमातला प्रसंग सगळ्यांच्या डोक्यात असतो : गाडी धडधडत येते आहे, कोणीतरी रुळाशेजारचा दांडा ओढतो आणि शेवटच्या क्षणी गाडी दुसऱ्या रुळावर जाते. प्रवासी गाड्यांच्या मार्गावर हे घडू शकत नाही आणि ते का घडत नाही हे समजून घेण्यात खरी मजा आहे.

आधी जुनी पद्धत पाहू. स्थानकाच्या टोकाला केबिन असे, आत माणसाच्या छातीएवढ्या लोखंडी लिव्हरांची रांग. लिव्हर ओढली की जमिनीलगतच्या लांबलचक लोखंडी दांड्यांची साखळी सरकायची आणि दूरवरचा सांधा बदलायचा. दांड्यांनी चालणारा सांधा केबिनपासून साधारण 460 मीटरपर्यंत ठेवता येई. आता मराठवाड्याचा उन्हाळा घ्या. पहाटेच्या आणि भर दुपारच्या लोखंडाच्या तापमानात 30 अंशांचा फरक पडला, तर 460 मीटरचा दांडा सुमारे 16 सेंटिमीटरने वाढतो. जीभ सरकते साडेअकरा सेंटिमीटर! म्हणजे कोणी हात न लावताही नुसत्या उन्हाने जीभ आपली जागा सोडायची. म्हणून दांड्याच्या मध्ये भरपाई करणारी जोडणी बसवत. ती अर्ध्या दांड्याची हालचाल उलटी फिरवत असे, त्यामुळे एका अर्ध्याची वाढ दुसऱ्या अर्ध्याच्या वाढीने फिटायची. ज्या कोणाला हे सुचले त्याला माझा दंडवत.

त्याहून मोठी गोष्ट लिव्हरांच्या खाली दडलेली असे. 1856 साली इंग्लंडात जॉन सॅक्सबीने सांधे आणि सिग्नल एकमेकांशी जोडणाऱ्या रचनेचे पेटंट घेतले. सांध्याची लिव्हर योग्य जागी नसेल तर सिग्नलची लिव्हर हलतच नाही, आणि सिग्नल एकदा दिला की सांध्याची लिव्हर जखडली जाते. यालाच इंटरलॉकिंग म्हणतात. आज केबिनची जागा पॅनेलने किंवा संगणकाच्या पडद्याने घेतली आहे आणि दांड्यांच्या जागी सांध्याशेजारी विजेची पॉइंट मशीन आली आहे. तत्त्व मात्र तेच आहे.

स्टेशन मास्तर बटण दाबतो तेव्हा मशीन आधी जुने कुलूप सोडते, मग जिभा सरकवते, मग नव्या जागी पुन्हा कुलूप लावते. दार नुसते ओढून घेणे आणि कडी घालणे यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. यानंतर वेगळे संपर्क तपासतात की जीभ खरोखर रुळाला टेकली का, कुलूप खरोखर बसले का. ही तपासणी किती काटेकोर? देखभालीच्या वेळी कर्मचारी जिभेच्या टोकापासून 150 मिलिमीटरवर जीभ आणि रूळ यांच्यामध्ये 5 मिलिमीटर जाडीचा पोलादी तुकडा ठेवतात आणि मुद्दाम सांधा फिरवतात. अशा वेळी कुलूप लागता कामा नये आणि "बसला" असा संदेशही जाता कामा नये. मोटार जळू नये म्हणून तिचा क्लच घसरतो आणि ती नुसतीच फिरत राहते. पाच मिलिमीटरची फटसुद्धा चालत नाही.

गाडी सांध्यावर उभी असताना बटण दाबले तर? काहीच होत नाही. त्या भागातल्या रुळांतून बारीकसा वीजप्रवाह सोडलेला असतो, गाडीची चाके आली की दोन्ही रूळ आपसात जोडले जातात आणि यंत्रणेला कळते की इथे गाडी आहे. काही ठिकाणी हेच काम आत आलेले आणि बाहेर गेलेले आस मोजून होते. गाडी असेपर्यंत सांधा जखडलेला असतो. एवढेच नव्हे, सिग्नल दिल्यापासून गाडी त्या वाटेवरून पार होईपर्यंत वाटेतला प्रत्येक सांधा बांधलेला राहतो. वाटेत फाटक असेल आणि ते सिग्नलशी जोडलेले असेल, तर तेही आधी बंद होऊन कुलूपबंद व्हावे लागते. गाडीचा पत्ता नसताना फाटक का लावून ठेवले म्हणून आपण गेटमनवर डाफरतो, त्याचे कारण हे आहे.

"पॉइंट फेल म्हणजे अपघात थोडक्यात टळला"

बातम्यांत "पॉइंट फेल" असे आले की वाचणारा घाबरतो. बहुतेक वेळा त्याचा अर्थ इतकाच असतो की सांध्याला आपण नीट बसल्याचा पुरावा देता आला नाही आणि म्हणून सिग्नल लाल राहिला. जिभेत खडी अडकली असेल, ज्या पाटांवर जीभ घसरते ते कोरडे पडले असतील, संपर्क बिघडला असेल. आपल्या मराठवाड्यात काळ्या मातीचाही हात असतो. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. सांध्याखालची बैठक खचली, की गाडी जाताना सगळा सांधा दणके खातो आणि मिलिमीटरांचे जुळवलेले गणित बिघडते.

मग काय करतात? स्टेशन मास्तर क्रँक हँडल बाहेर काढतो. ते जागेवरून निघाले की त्या सांध्यावरचे सिग्नल आपोआप अडतात. कर्मचारी चालत सांध्यापर्यंत जातो, हँडल मशीनमध्ये घालून हाताने जिभा फिरवतो, जीभ रुळाला क्लॅम्पने आवळतो, वर कुलूप घालतो. मग लोको पायलटला लेखी परवानगी मिळते आणि गाडी संथपणे आत येते. रात्रीची वेळ, पाऊस, हातात कंदील नाही तर बॅटरी. या सगळ्याला पाऊण तास गेला तर तो आळशीपणा नव्हे.

खडीचा विषय निघालाच आहे, तर रुळावर दगड ठेवून "बघू काय होते" हा खेळ किती घातक आहे हे वेगळे सांगायला हवे. जिभेत अडकलेला दगड यंत्रणेला कळतो, पण सरळ रुळावर ठेवलेला दगड तिला कळत नाही. रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 150 मध्ये गाडीला घात करण्याच्या हेतूने असे करणाऱ्याला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे.

"आता संगणक आला, चूक होणारच नाही"

2 जून 2023 ला ओडिशात बालासोर जिल्ह्यातल्या बहनागा बाजार स्थानकावर कोरोमंडल एक्स्प्रेसला सरळ मार्गाचा हिरवा सिग्नल होता, पण सांधा लूप लाइनकडे लागलेला होता. गाडी पूर्ण वेगात लूपवरच्या उभ्या मालगाडीवर आदळली आणि 290 हून अधिक माणसे गेली. तिथे इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग होते. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत दोष सापडला तो जवळच्या फाटकाच्या कामाशी संबंधित वायरिंगच्या बदलांत : आधी 2018 मध्ये झालेल्या आणि नंतर अपघाताच्या दिवशी केलेल्या. सांधा एकीकडे होता आणि संगणकाकडे निरोप दुसरीकडचा पोचत होता. यंत्र खोटे बोलले नाही, त्याला खोटे सांगितले गेले. म्हणूनच सिग्नलच्या वायरींना हात लावल्यावर प्रत्येक सांधा प्रत्यक्ष फिरवून पडद्याशी ताडून पाहण्याला पर्याय नाही. हे काम वेळखाऊ आहे आणि त्यासाठी गाड्या थांबवाव्या लागतात. प्रवाशांनी ओरड केली तरी थांबवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

"खडखडाट झाला म्हणजे रूळ सैल आहेत"

नाही. दोन वाटांचे रूळ जिथे एकमेकांना छेदतात तिथे चाकाच्या कडेला जायला फट ठेवावीच लागते. त्या फटीवरून चाक जाताना आवाज येतो. तिथे कड चुकीच्या वाटेला लागू नये म्हणून समोरच्या रुळाला लागून आतून एक जादा रूळ बसवलेला असतो, तो दुसऱ्या बाजूचे चाक धरून ठेवतो.

"लूपवर गाडी उगाच रांगते"

मुख्य मार्गावर नेहमी वापरला जाणारा सांधा 'एकास बारा' या मापाचा असतो. त्याच्या वळणाची त्रिज्या साधारण 441 मीटर आणि वेगाची मर्यादा ताशी 30 किलोमीटर. इतर वळणांवर बाहेरचा रूळ उंच करून गाडीला झुकवता येते, पण सांध्यात दोन वाटा एकाच पातळीवर गुंतलेल्या असल्याने ती सोय नसते. शिवाय इंजिन पार झाले म्हणून वेग वाढवता येत नाही. 22 डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब असते, तिचा शेवटचा डबा सांध्यावरून उतरायला 30 च्या वेगाने मिनिटभर जातो. परभणी ते मुदखेड मार्ग दुहेरी झाल्याने नांदेडकरांचा हा त्रास कमी झाला. लातूरकडे अजून एकेरी मार्ग आहे, त्यामुळे समोरून गाडी आली की एकीला लूपवर जावेच लागते.

"वाळूत संपणारा रूळ म्हणजे अर्धवट काम"

काही स्थानकांच्या टोकाला लूप लाइनमधून एक आखूड फाटा निघतो आणि वाळूच्या ढिगात संपतो. सरकारी काम अर्धवट राहिले, असे पाहणाऱ्याला वाटते. खरे तर तो सापळा आहे. लूपवर उभी गाडी किंवा सुटी वाघीण उताराने घरंगळली, तर ती मुख्य मार्गावर येण्याऐवजी या फाट्यात शिरून वाळूत रुतावी, यासाठी सांधा एरवी तिकडेच लावलेला असतो. वाघीण घसरली तरी चालेल, पण समोरून येणाऱ्या गाडीच्या वाटेत येता कामा नये.

"सांधा असला की गाडी कुठूनही कुठेही जाते"

जाते, पण रुळांतले अंतर सारखे असेल तर. नांदेडवरून जाणारा मनमाड-सिकंदराबाद मार्ग निजामाच्या काळात मीटर गेजचा होता, आणि मनमाडला मुंबईकडची गाडी ब्रॉड गेजची. लातूरला तर बार्शी लाइटची 762 मिलिमीटरची नॅरो गेज होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉपने उभारलेली ही लाइन 1911 मध्ये लातूरला पोचली. पोती कुर्डुवाडीला उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावी लागत. गेज बदलताना जुना सांधा रुंद करून भागत नाही, जीभ, फट, वळण सगळे नव्याने घालावे लागते. लातूर-कुर्डुवाडी हे काम 2007-08 मध्ये झाले, मिरजेपर्यंतचे त्यानंतर पूर्ण झाले. एप्रिल 2016 मध्ये दुष्काळात मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला आली, पहिल्या खेपेला दहा टँकरांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन, ती याच बदललेल्या रुळांवरून. नॅरो गेज तशीच असती तर ते टँकर लातूरपर्यंत आलेच नसते.

"गाडी दिसत नाही, मग रूळ ओलांडायला काय हरकत?"

पूल टाळून स्थानकाच्या टोकाकडून रूळ ओलांडणाऱ्यांत हा समज पक्का असतो, आणि सांधे नेमके त्याच टोकाला असतात. मशीन लांबून चालते, जिभा हलण्याआधी घंटा वाजत नाही. पाय जीभ आणि रूळ यांच्यामध्ये सापडला, तर माणूस अडकला हे सांध्याला कळत नाही, जीभ बसली नाही एवढेच कळते, आणि शेजारच्या रुळावरची गाडी त्यासाठी थांबत नाही. रेल्वे अधिनियमाच्या कलम 147 नुसार असे रूळ ओलांडणे हा गुन्हाही आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाचे सोडा, पण मुलांचा हात धरून तिथून जाऊ नका. चार पायऱ्या जास्त पडल्या तरी पुलावरूनच जा.