चावीचं घड्याळ सांभाळताना

माझ्या मनगटावर अब्बांचं ‘एचएमटी जनता’ आहे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं एचएमटीनं १९६१ साली बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला, त्या घराण्यातलं हे घड्याळ. याला सेल लागत नाही, रोज सकाळी चावी द्यावी लागते.

चावी दिली की पोटातली मुख्य स्प्रिंग आवळली जाते. ती हळूहळू सुटते आणि तिची ताकद दातेरी चाकांतून शेवटच्या डुलणाऱ्या चाकापर्यंत पोचते. त्याचे ठोके सेकंदाला पाच, तासाला १८ हजार, दिवसाला चार लाख ३२ हजार! एवढी झीज सोसावी म्हणून मोक्याच्या जागी १७ कृत्रिम माणकं बसवलेली असतात आणि तिथं तेलाचा इवलासा थेंब असतो.

खरी गोम इथंच आहे. तेल वाळतं, त्यात धूळ मिसळते, तरी घड्याळ चालत राहतं. आपण म्हणतो, ‘चालतंय की!’ आणि आत पोलादाची टोकं झिजत असतात. म्हणून बंद पडायची वाट न बघता चार-पाच वर्षांनी सर्व्हिसिंग करून घ्यावं. पेट्रोलमध्ये बुचकळून काढणं म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे. सगळे भाग सुटे करून, धुऊन, जागच्या जागी तेल द्यावं लागतं. घड्याळजीला हे आधीच विचारावं.

पाण्यापासून जपावं. अब्बा वजू करण्याआधी घड्याळ काढून कोनाड्यात ठेवत. काचेआड वाफ दिसली तर त्याच दिवशी उघडून घ्यावं. अचानक पुढं धावू लागलं, तर ते बहुधा स्पीकरसारख्या वस्तूतल्या चुंबकाचं काम. त्यावर उपाय मिनिटभराचा. मात्र दिवसाला मिनीटभर मागं पडलं तर रागावू नये. १,४४० मिनिटांतलं ते एक!

केंद्र सरकारनं २०१६ साली एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळं आता बिघडलेला भाग बहुतेक वेळा दुसऱ्या मेलेल्या घड्याळातूनच मिळतो. अवयवदानच म्हणा ना! म्हणून काढलेला जुना भाग मागून घ्यावा आणि पिवळी पडलेली तबकडी नव्यानं रंगवू देऊ नये. तो पिवळेपणा म्हणजे घड्याळाचं वय आहे, आजार नव्हे.

तुमच्याही कपाटात असं एखादं घड्याळ निजलेलं असेल. डोळ्याला भिंग लावून बसणारा घड्याळजी गावात आहे, तोवर ते त्याच्याकडे नेऊन या.