एम्प्रेस मिलमधील रिंग

गिरणी कापसाच्या मुलखात, रेल्वेच्या सान्निध्यात आणि वरोऱ्याच्या कोळशाच्या टप्प्यात असावी, या हिशेबाने जमशेटजी टाटांनी मुंबईचा मोह आवरून नागपूरची निवड केली. आणि १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या सम्राज्ञीपदाची दिल्लीत द्वाही फिरली त्याच दिवशी, एम्प्रेस मिल सुरू झाली.

त्या काळी सूतकताईत मान होता तो १७७९ साली सॅम्युअल क्रॉम्प्टनने सिद्ध केलेल्या म्यूलचा. म्यूलची गाडी चात्यांसह पुढे सरकताना धागा ताणून त्याला पीळ देते आणि परतताना तो गुंडाळते. म्हणजे एक क्रिया चालू असता दुसरी तहकूब राहते. अमेरिकेत १८२८ साली जॉन थॉर्पने काढलेल्या रिंगमध्ये हा खंड उरला नाही. प्रत्येक चातीभोवती पोलादी कडे, कड्याच्या काठावर तारेचा नखाएवढा ट्रॅव्हलर आणि त्यात ओवलेला धागा, एवढीच तिची रचना. चाती फिरू लागली की धाग्याने ओढलेला ट्रॅव्हलर कड्यावरून धावतो, पण चातीहून किंचित मागे पडतो. त्याच्या फेऱ्यांनी पीळ भरतो आणि त्या मागे पडण्याने सूत बॉबिनवर चढत जाते.

रेल्वेच्या मालखात्यातून आलेले व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता आणि यंत्रतज्ज्ञ जेम्स ब्रुक्सबी यांच्या साहाय्याने जमशेटजींनी १८८३ च्या सुमारास रिंगच्या मोजक्या साच्यांवर प्रयोग केला, उत्पन्न पारखले आणि मगच जुनी यंत्रे क्रमाक्रमाने मोडीत काढली.

इंग्लंडमधील लँकेशायर पुढेही कित्येक वर्षे म्यूललाच धरून राहिले, ते निव्वळ दुराग्रहाने नव्हे. तेथे उंची, बारीक सूत निघे आणि ते म्यूलवरच सुरेख उतरे; तेथील कुशल कारागिरांचे संघ प्रबळ होते; शिवाय कताई एका कंपनीत व विणाई दुसरीत असल्यामुळे रिंगच्या जड बॉबिनी पाठवण्या-परतवण्याचा खर्च अंगावर पडे. नागपुरात आखूड धाग्याचा कापूस, जाड्या नंबराचे सूत, एकाच आवारात कताई व विणाई, आणि म्यूलवर हात बसलेल्या कारागिरांच्या पिढ्यांचा अभाव, अशी परिस्थिती रिंगला सर्वस्वी अनुकूल होती.

तरीही अनुकूल परिस्थिती ओळखण्यास स्वतंत्र बुद्धी लागते. लँकेशायरमधील ज्या मँचेस्टरकडून यंत्रे व तज्ज्ञ आणावयाचे त्याचेच मत प्रमाण न मानता, आपला कापूस, आपले मजूर आणि आपले गिऱ्हाईक यांच्या कसोटीवर यंत्र पारखणे, हा जमशेटजींचा खरा पराक्रम होय. आणि आजही नव्या यंत्राच्या दारी उभ्या असलेल्या प्रत्येक कारखानदाराने गिरवावा असा तो कित्ता आहे.