सर्व्हर आहे, पण आपला नाही

'सर्व्हरलेस' हा शब्द फसवा आहे. सर्व्हर असतोच, फक्त तो आपण सांभाळायचा नसतो. मायक्रोसॉफ्टच्या 'अॅझ्युर' सेवेची यंत्रे तर 2015 पासून आपल्या पुण्यातच आहेत.

आमच्याकडे लग्नाला भटारी बोलावतात. देगेमागे पैसे, वर्षभराचा पगार नाही. अॅमेझॉनने 2014 मध्ये जाहीर केलेली 'लॅम्डा' तशीच. मागणी आली की प्रोग्राम जागा होतो, तेवढ्याच वेळाचे बिल लागते. बराच वेळ काम नसेल तर चूल पेटायला जरा उशीर होतो. एका कामाला फार तर 15 मिनिटे. मोठे काम तुकड्यांत वाटावे.

खरी मेख पुढे आहे. या भटाऱ्याला मागची दावत आठवत नाही आणि निरोप पोचल्याची खात्री नसली, की यंत्रणा तोच निरोप पुन्हा धाडते. एका मुशायऱ्याच्या नोंदणीत माझे शुल्क दोनदा कापले गेले. परत मिळायला तीन आठवडे! हिंजवडीत नोकरी करणाऱ्या पुतण्याने तेव्हा उलगडा केला: "चाचा, प्रत्येक मागणीला क्रमांक द्यायचा, तो डेटाबेसात टिपायचा. तोच क्रमांक पुन्हा आला, तर पैसे कापायचे नाहीत." शिवाय एका वेळी किती प्रती चालाव्यात यालाही तो मर्यादा घालतो. नाहीतर चूक रात्रभर चालते आणि सकाळी बिल हातात पडते.